जित्याची पाणवाट आणि बुडालेल्या बोटी

पनवेल मागे टाकून मुंबई–गोवा महामार्गाने खारपाड्याचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात जिते लागते. पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मधले हे एक लहानसे स्थानक. पेण परिसरातील गणेशमूर्तींचे नाव देशोदेशी गेले आणि त्या नावात हमरापूर, जोहे, कळवे या गावांबरोबर जित्याचाही वाटा आहे. वर्षाचे आठ-दहा महिने इथल्या कारखान्यांत साचे, माती आणि रंग यांचाच वास भरून असतो. या गावाचा बंदराशी आणि बोटींशी काही संबंध असेल, असे वाटेवरून जाणाऱ्या प्रवाशाच्या मनातही येत नाही.

संबंध मात्र जुना आहे. आपटा ते रोहा हा लोहमार्ग 1986 साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी पूर्वीपासून पेण तालुक्याचा व्यापार पाण्यावरून चाले. उत्तरेला खारपाड्याशी पाताळगंगा, पेणजवळ भोगावती, दक्षिणेला अंबा; या साऱ्या नद्यांचे पाणी धरमतर आणि करंजा यांच्या खाड्यांतून मुंबईच्या बंदरात उतरते. पेणचे अंतोरा बंदर, धरमतर आणि नागोठणे येथून भात व मीठ मुंबईला जाई. बोरघाट उतरून आलेला देशावरचा मालही याच वाटेने पुढे सरके. भरतीबरोबर मचवा आत यायचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचा. पेण–पनवेलकडच्या जुन्या पेढ्यांना पंचांगाइतकेच भरती-ओहोटीचे गणितही पाठ असावे लागे.

ही पाणवाट समुद्राची असली तरी तिचे रूप सरोवराचे आहे. दोन्ही बाजूंना काठ दिसतो. लाटा बेताच्या वाटतात. पलीकडचे झाड, देवळाचा कळस, धक्क्यावरचा माणूस नजरेच्या टप्प्यात असतो. काठ दिसत असला की माणसाला भय वाटत नाही आणि बंदिस्त पाण्यावरील बोटींचा इतिहास पाहिला तर घात नेमका इथेच झालेला आढळतो. भर महासागरात निघालेले जहाज निदान तयारीने निघते. काठ दिसणाऱ्या पाण्यावरची बोट मात्र बाजाराला निघाल्यासारखी निघते.

पाताळगंगेच्या पाण्याचे एक वैशिष्ट्य इथे सांगण्याजोगे आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी 1915 पासून खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि तेथून पाताळगंगेत सोडले जाते. म्हणजे घाटावरच्या तलावांचे गोडे पाणी वीज निर्माण करून खारपाड्याच्या पुलाखालून जाते आणि पुढे खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते. या दोन पाण्यांचे वजन सारखे नाही. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे 1,000 किलो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे 1,025 किलो. त्यामुळे मालासह शंभर टन वजनाची बोट समुद्रात साडेसत्त्याण्णव घनमीटर पाणी बाजूला सारून तरंगते, पण गोड्या पाण्यात तिला पुरते शंभर घनमीटर पाणी सारावे लागते. माल तोच आणि बोट तीच, तरी खाडीतून नदीत शिरताच ती थोडी अधिक खाली बसते.

जहाजांच्या कुशीवर भाररेषा आखलेली असते, ती याच हिशेबासाठी. वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ ही तिची मुख्य खूण. तिच्या शेजारी उन्हाळ्याची, हिवाळ्याची, उष्ण कटिबंधाची आणि गोड्या पाण्याची अशा वेगवेगळ्या रेघा असतात. या रेषेसाठी इंग्लंडच्या संसदेत झगडणारा सॅम्युअल प्लिम्सॉल हा मूळचा कोळशाचा व्यापारी होता. मोडकळीस आलेली जहाजे वाजवीपेक्षा जास्त भरायची, त्यांचा भक्कम विमा उतरवायचा आणि ती बुडाली तरी मालकाला तोटा नाही, हा व्यवहार त्याला असह्य झाला. 1876 च्या कायद्याने रेषा सक्तीची झाली. पण ती नेमकी कोठे आखायची, हे मालकाच्याच मर्जीवर ठेवले गेले. कर्जदारानेच आपली कर्जमर्यादा ठरवावी, असा हा प्रकार होता. ही पळवाट बुजवायला 1890 साल उजाडावे लागले.

जलावतरणाचा सोहळा सर्वत्र थाटाचा असतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याची प्रथा होती. त्याच गोदीतून 1817 साली पाण्यात उतरलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. कोकणात नवे गलबत पाण्यात लोटताना नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिले जाते, गाव जमतो. हा दिवस मात्र वर्षानुवर्षांतला एकच. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी त्या बोटीवर काय चढले, किती चढले, कोठे ठेवले आणि कोण बसले, हे कोणीतरी लिहायचे असते. बोट तरते ती या रोजच्या नोंदीवर.

धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर आहे. त्याच रेवसला निघालेली ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी वाटेत बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावस्येची वेळ, म्हणजे उधाणाचे पाणी. ‘माझी आगबोट कंपनी’ या आपुलकीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वदेशी कंपनीची ही बोट 1936 साली इंग्लंडात स्वान हंटर यांच्या गोदीत बांधलेली होती. टायटॅनिकच्या वाचलेल्या उतारूंना उचलून नेणारे ‘कार्पेथिया’ हे जहाजही याच परंपरेच्या गोदीतले. तेव्हा बोटीचे कूळ उत्तम होते. कंपनी आपल्या बोटींना संतांची नावे देई आणि त्या नावांवर कोकणी माणसाची श्रद्धा होती.

सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ने भाऊचा धक्का सोडला. पाऊस आणि वारा वाढत गेला. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली. पाणी आत येताच घाबरलेले उतारू एकाच बाजूला धावले आणि त्या धावण्याने कललेली बोट पुरती उलटली. पावसापासून आडोसा म्हणून लावलेल्या ताडपत्र्यांत अनेक जण अडकले. सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपली मासळी सोडून दिली आणि बुडणाऱ्यांना मचव्यांत ओढून घेतले. जे वाचले त्यांतील बरेच जण त्यांच्यामुळे वाचले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. सकाळच्या घाताची वार्ता मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती.

या दुर्घटनेत हिशेबी माणसाला थबकवणारी एक गोष्ट आहे. ‘रामदास’ची क्षमता सुमारे हजार उतारूंची सांगितली जाते आणि त्या दिवशी बोटीवर त्याहून कमी माणसे होती. म्हणजे बेरीज मर्यादेतच होती. चुकली ती मांडणी. वजन किती, याइतकेच वजन कोठे आहे, याला महत्त्व असते. जमाखर्चाची एकूण रक्कम जुळली तरी सारी येणी एकाच आसामीकडे अडकली असतील, तर पेढी एका रात्रीत बसते. बोटीचेही तसेच. माणसे हा हलणारा भार असतो आणि भयाच्या क्षणी तो एकदम एका अंगाला जातो.

‘रामदास’च्याही आधी, 11 नोव्हेंबर 1927 रोजी, कोकणच्या किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या. कच्छ-काठियावाडातून महाराष्ट्रात स्थिरावलेल्या व्यापारी घराण्यांना याहून जुनी एक आठवण आहे. ‘वैतरणा’ नावाची आगबोट 1885 साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधली गेली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणू लागले. 8 नोव्हेंबर 1888 रोजी मांडवीहून मुंबईकडे निघालेली ही बोट काठियावाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी होते. बोटीचा सांगाडाही हाती लागला नाही. बचावाची साधने पुरेशी नव्हती, असे नंतरच्या चौकशीत दिसून आले. उतारू किती होते, याचे उत्तर मात्र ज्याला विचारावे त्याचे वेगळे. कागदोपत्री आकडा सातशेच्या वर जातो, तर लोककथा तेराशे सांगते. ‘हाजी कासमची वीजळी’ गीतांत राहिली. पण गेलेल्या प्रत्येकाचे नाव असलेली यादी राहिली नाही. किती आणि कोठे, यांच्या जोडीला कोण, हा तिसरा रकानाही वहीत लागतो, तो यासाठीच.

हेच तीन रकाने घेऊन जगातल्या मोठ्या सरोवरांकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसत नाही. सरोवरावर जहाज आणणे हेच मुळी कष्टाचे काम. समुद्राशी जोडलेली वाट नसेल, तर जहाज सुट्या भागांत काठावर न्यावे लागते आणि तेथेच जोडून पाण्यात उतरवावे लागते. दक्षिण अमेरिकेतील तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर आहे. त्यासाठी इंग्लंडमध्ये 1862 साली तयार झालेली ‘यावारी’ खेचरांच्या पाठीवरून अँडीज पर्वत चढली आणि 1870 च्या नाताळात पाण्यात उतरली. आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरासाठी जर्मनीत 1913 साली बांधलेले ‘ग्राफ फॉन ग्योत्सेन’ पुन्हा सुटे करून सुमारे 5,000 खोक्यांत भरले गेले आणि दार-ए-सलामहून देशाच्या आत किगोमापर्यंत नेले गेले. 1915 साली, म्हणजे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले त्याच वर्षी, त्याचे जलावतरण झाले.

पुढच्याच वर्षी महायुद्धात माघार घेताना जर्मनांनी ते स्वतःच्या हाताने बुडवले. पण बुडवण्यापूर्वी कारागिरांनी त्याच्या यंत्रांना जाड वंगण फासून ठेवले होते. इंग्रजांनी 1924 साली ते वर काढले, तेव्हा यंत्रे शाबूत निघाली. 1927 पासून ‘लिएंबा’ या नावाने ते पुन्हा धावू लागले आणि पुढे कित्येक दशके त्याने उतारू व माल वाहिला. बुडवतानाही वस्तूची निगा राखणाऱ्या त्या कारागिरांनी आपले काम चोख केले होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

टांगानिकाच्या उत्तरेला असलेले व्हिक्टोरिया सरोवर आपल्याकडच्या व्यापारी घराण्यांना परके नाही. किसुमूपर्यंत 1901 साली रेल्वे पोहोचली आणि हालार भागातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या ओसवाल कुटुंबांपैकी अनेकांनी त्या प्रदेशात दुकाने मांडली. याच सरोवरावर 21 मे 1996 रोजी ‘बुकोबा’ ही प्रवासी बोट म्वांझा बंदराकडे जाताना उलटली. तिची क्षमता 430 उतारूंची होती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या यादीतच 443 नावे होती; तिसऱ्या वर्गाची यादीच नव्हती. मृतांची संख्या आठशेंच्या वर गेली. स्वस्त तिकिटावर बसलेला माणूस कागदावर नव्हता, म्हणून तो बोटीच्या वजनातही कोणी धरला नाही आणि मरणानंतर त्याची मोजदादही नीट होऊ शकली नाही.

‘बुकोबा’ अतिभाराने गेली असे म्हणावे, तर ‘ईस्टलँड’चे उदाहरण समोर येते. मिशिगन सरोवरावर सहली नेणारी ही आगबोट 24 जुलै 1915 रोजी शिकागोत नदीच्या धक्क्याला बांधलेली होती. एका मोठ्या कारखान्याचे कामगार कुटुंबकबिल्यासह सहलीला निघाले होते. बोटीवर अडीच हजार माणसे चढली. तेवढ्यांना परवाना होता. टायटॅनिकनंतर बचावनौका वाढवण्याचा आग्रह सुरू झाला होता आणि थोड्याच दिवसांपूर्वी या बोटीच्या वरच्या मजल्यावर जादा बचावनौका चढवल्या होत्या. आधीच माथ्यावर जड असलेली बोट त्यामुळे आणखी जड झाली. नांगर उचलायच्या आधीच ती कलू लागली आणि धक्क्यापासून काही हातांवर आडवी पडली. 844 माणसे मरण पावली. वादळ नव्हते, खडक नव्हता, पाणीही फार खोल नव्हते. जीव वाचवण्यासाठी ठेवलेल्या वस्तूचेही वजन असते आणि ते कोठे पडते हे मोजावे लागते, हा धडा फार महागात मिळाला.

आजही धरमतरच्या धक्क्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज घेऊन बार्ज येतात. असाच माल वाहणारे ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ अमेरिकेच्या महासरोवरांवरचे नामांकित जहाज होते. ते एका आयुर्विमा कंपनीने बांधून घेतले होते आणि कंपनीच्या अध्यक्षांचेच नाव त्याला दिले होते. 7 जून 1958 रोजी जलावतरणाला हजारो लोक जमले. शॅम्पेनची बाटली तिसऱ्या प्रयत्नात फुटली आणि पुढे लोकांनी त्यालाच अपशकुन ठरवले. अपशकुनापेक्षा एक साधी नोंद अधिक बोलकी आहे. 1969 ते 1973 या काळात नियम तीनदा सैल करण्यात आले आणि मूळ आराखड्यापेक्षा तीन फुटांहून अधिक खोल बसेपर्यंत माल भरण्याची मुभा या जहाजाला मिळाली. 10 नोव्हेंबर 1975 रोजी सुपीरियर सरोवरातील वादळात ते सव्वीस हजार टन खनिजासह तळाला गेले. 29 खलाशांपैकी एकही वाचला नाही. बुडण्याच्या नेमक्या कारणावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. भाररेषा कागदावर वर सरकली, तेव्हा संकटासाठी राखलेली शिल्लक कमी झाली, एवढे मात्र निश्चित. गंगाजळी उचलून नफा वाढलेला दाखवणाऱ्या संस्थेची अवस्था काही वेगळी नसते.

हे सारे परदेशातले आणि मागल्या शतकातले म्हणून बाजूला ठेवता येत नाही. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्याने कित्येक गावांमधल्या जुन्या वाटा बुडवल्या आणि लोकांना होडीचा आधार घ्यावा लागला. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. ‘बुकोबा’ची तारीखही हीच, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. तारखांचा हा योगायोग असेल. मात्र रोजच्या वाटेवर अंगरखा कशाला घालायचा, हा विचार दोन्ही पाण्यांवर सारखाच असतो. बचावाचा अंगरखा घातल्यास उकडते, वेळ जातो, थोडे हसूही होते आणि तो न घातल्याचे मोल बहुतेक दिवशी काहीच द्यावे लागत नाही. म्हणूनच ते ज्या दिवशी द्यावे लागते, त्या दिवशी सारे एकदम द्यावे लागते.

याच पाण्यावर याच्या उलट नोंदही आहे. 14 मार्च 2020 रोजी गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याकडे येणारी प्रवासी बोट किनारा जवळ आला असता बुडू लागली. तिच्यावर 88 माणसे होती. पोलिसांची गस्तीची नौका जवळच होती. ती तत्काळ पोहोचली आणि सर्वच्या सर्व 88 जण सुखरूप उतरले. ‘रामदास’च्या वेळी वार्ता कळायलाच अर्धा दिवस गेला होता. येथे मदत डोळ्यांच्या टप्प्यात होती, उतारूंची संख्या ठाऊक होती आणि म्हणून शेवटचा माणूस बाहेर आला हे छातीठोकपणे सांगता आले. अठ्ठ्याऐंशी चढले, अठ्ठ्याऐंशी उतरले. याहून सुंदर ताळेबंद पाण्यावर दुसरा नाही.

त्याच महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली. जित्याचा माल आता रस्त्याने जातो. श्रावणाच्या तोंडाशी मूर्तींनी भरलेले टेम्पो खारपाड्याच्या पुलावर रांग लावतात आणि खाली पाताळगंगा घाटावरच्या तलावांचे पाणी घेऊन खाडीकडे निघालेली असते. त्या टेम्पोंकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जड मूर्ती खाली आणि मध्ये, हलक्या कडेला, मधल्या फटींत गवत. शेवटी मूर्तींची संख्या चिठ्ठीवर लिहून ती चालकाच्या हाती. किती, कोठे आणि कोणाच्या, हे तीन रकाने भरल्याशिवाय कारागीर गाडी हलू देत नाही. मातीच्या मूर्तीसाठी पाळला जाणारा हा नियम धक्क्यावरच्या फळीपाशीही पाळला जावा, एवढेच या पाणवाटेचे मागणे आहे. ते पुरे करण्याचे काम जसे बोटवाल्याचे, तसेच भरलेल्या बोटीत आणखी एक पाय ठेवण्यापूर्वी थांबणाऱ्या उतारूचेही आहे. पुढची बोट बहुधा तासाभरात येतच असते.